या चुका टाळा: अठराच्या आतली मुले, कायदा आणि आपले घर

कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या गावी, घरापासून बारा किलोमीटरवर. एसटीची सकाळची फेरी कधी येते, कधी येत नाही. आणि ओसरीत मोटारसायकल उभी असते, तिची किल्ली खुंटीला लटकत असते. "पोट्टं सोळाचं झालं, आता गाडी चालवाले काय हरकत हाये?" हा प्रश्न विदर्भातल्या बहुतेक गावांत ऐकू येतो आणि तो अर्धवट ऐकीव माहितीवर उभा असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ मध्ये सोळा वर्षांचा उल्लेख आहे हे खरे; परंतु ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरतीच आहे आणि तिलाही लायसन लागतेच. गावातल्या ओसऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या गाड्या शंभर सीसीच्या आसपासच्या किंवा त्याहून मोठ्या असतात, आणि त्यांच्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात.

या बाबतीतली मोठी चूक मुलाची नसून किल्ली देणाऱ्याची असते, आणि कायदाही तसेच मानतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. जो मुलगा चालकाच्या भरतीची स्वप्ने पाहतो, त्याच्यासाठी ही शेवटची अट दंडाहून जड आहे. "मला न विचारता नेली" हा बचाव करता येतो, पण तो सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते. खुंटीवरची किल्ली तिथे मदतीला येत नाही. गाडी काकांची असेल तर प्रश्न काकांनाही विचारला जातो. अपघात झालाच, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, म्हणजे एका फेरीपायी दोन एकरांचा कापूस जाण्याची वेळ येते.

ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू आहे. धुऱ्याच्या आत, स्वतःच्या शेतात चालवणे वेगळे आणि कापसाची ट्रॉली जोडून डांबरी रस्त्याला लागणे वेगळे. बॅटरीच्या स्कूटरला लायसन लागत नाही, हा समजही सरसकट खरा नाही. जिची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, तिलाच ही सूट आहे. मुलाच्या हाती गाडी देण्यापेक्षा मुख्याध्यापकांचे पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे फेरीची वेळ बदलून मागावी. मुलींसाठी मानव विकास या सरकारी कार्यक्रमाची बस आपल्या मार्गावर आहे का, तेही तिथेच विचारावे.

दुसरी चूक इतकी रोजची आहे की ती चूक वाटतच नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात पैसे देऊन "जा, खर्रा घोटून आण" असे सांगितले जाते. तो पानठेल्यापुढे उभा राहतो आणि ठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून पुडी त्याच्या हातावर ठेवतो. तंबाखू नियंत्रण कायदा, २००३ नुसार अठराच्या आतल्या व्यक्तीला तंबाखू विकणे गुन्हा आहे, मग तो खर्रा बापासाठी का असेना. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७७ त्याहून कडक आहे: मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ मध्ये मुलाकरवी दारू विकणे किंवा वाहून नेणे याला तेवढीच शिक्षा आहे, आणि वर्धा व गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांलगतच्या गावांनी हे कलम विशेष लक्षात ठेवावे, कारण तिथे पिशवी शाळकरी मुलाच्या दप्तरात टाकली जाते. अठरा झाले की दारूची मुभा मिळते, हेही खोटे आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१, इतर मद्यासाठी २५ वर्षे वय लागते.

मजुरीचा नियम थोडक्यात सांगतो. चौदाच्या आतल्या मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या शेतात हातभार लावला तर कायद्याची हरकत नाही. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला मजुरीने पाठवणे मात्र गुन्हा आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामावर ठेवता येत नाही. फवारणीचा पंप मात्र कोणत्याही मुलाच्या पाठीवर देऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते तर मोठी माणसे होती.

लग्नाच्या बाबतीत घोळ होतो तो जन्मतारखेचा. गावातल्या जुन्या दाखलखारिज रजिस्टरमध्ये अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै दिसते, कारण गुरुजींनी प्रवेश देताना ती अंदाजाने टाकलेली असते. घरचे म्हणतात, मुलगी खरे तर अठराची झाली आहे, आधारवरही तसेच आहे. आधार हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा मानला जात नाही. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीचा उतारा आणि शाळेचा दाखला जुळत नसतील, तर मुलगी शाळेत शिकत असतानाच ते दुरुस्त करून घ्यावे. शाळा सोडल्यावर हे काम फार अवघड होते. मुलाचे वय २१ लागते, हे विसरणारेही पुष्कळ आहेत. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ नुसार असे लग्न लावणाऱ्यालाच नव्हे, तर त्यात सहभागी होणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे पत्रिका आली म्हणून जेवायला गेलो, असे सांगून सुटता येत नाही. लग्न ठरल्याचे कळले तर बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवकांना (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) कळवावे, किंवा १०९८ वर फोन करावा. लग्न होऊन गेले असेल, तरी मुलीला ते रद्द करून घेता येते. त्यासाठी तिने सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे वीस पूर्ण होण्यापूर्वी, न्यायालयात अर्ज करावा लागतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.