वीव्हाइल कसा खेळवायचा: वेगवान पण नाजूक हल्लेखोराचा हिशेब

वेगवान, नाजूक आणि अंगावर धावून जाणारे पोकेमॉन पुष्कळ आहेत. पण या जातीचे सगळे गुणदोष एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर वीव्हाइल घ्यावा. बेस अटॅक (म्हणजे जातीचा मूळ आकडा) १२०, बेस स्पीड १२५, आणि बचावाला ७० एचपी (जीव), ६५ डिफेन्स, ८५ स्पेशल डिफेन्स. डार्क आणि आइस या टाइपांमुळे फायटिंगचा मार चौपट बसतो; फायर, रॉक, स्टील, बग आणि फेअरीचा दुप्पट. असा पोकेमॉन मार खाऊन टिकत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत एकच हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो: हा मैदानात आणखी किती वेळा उतरू शकतो, आणि प्रत्येक उतरण्याच्या बदल्यात आपल्याला काय मिळणार आहे? खालचे सगळे आकडे सहा विरुद्ध सहा, लेव्हल १०० च्या सिंगल्सचे आहेत.

आधी स्पीड. ईव्ही (ट्रेनिंगमधून वाटून द्यायचे गुण) २५२ अटॅक, २५२ स्पीड आणि उरलेले ४ स्पेशल डिफेन्समध्ये. नेचर (स्वभाव) जॉली, म्हणजे स्पीड वाढवणारा. स्पीड ३८३ होतो, अटॅक ३३९. अटॅक वाढवणारा अॅडमंट नेचर घेतला तर अटॅक ३७२ पर्यंत जातो आणि त्याचा मोह होतो, पण स्पीड ३४९ वर येतो. बेस ११० स्पीडचे पोकेमॉन, म्हणजे गेंगार, लॅटिओस, लॅटिअस, पूर्ण वेगात ३५० वर असतात. एका अंकाने ते आधी मारतात. ज्यांना खाण्यासाठी वीव्हाइल टीममध्ये घेतला, तेच त्याला आधी मारू लागले तर वाढीव ३३ अटॅक कुणाच्या कामाचा? जॉलीच घ्या.

३८३ च्या खाली कोण आणि वर कोण हे पाठच असायला हवं. बेस १०० पूर्ण वेगात ३२८, बेस ११६ चा आयर्न व्हॅलियंट ३६४, बेस १२३ चा मिआउस्कराडा ३७९: हे सगळे मागे राहतात. बेस १३० म्हणजे ३९४, झॅमाझेंटा ४१२, ड्रॅगापल्ट ४२१: हे पुढे. समोरही पूर्ण वेगाचा वीव्हाइल असेल तर आधी कोण मारणार हे नाण्याच्या छाप्या-काट्यावर ठरतं, तेव्हा दुसरा मार्ग असताना तो जुगार खेळू नका. आणि चॉइस स्कार्फ, म्हणजे स्पीड दीडपट करणारा आयटम, विसरू नका. स्पीड वाढवणारा नेचर, पूर्ण ईव्ही आणि स्कार्फ असेल तर बेस ६७ चा पोकेमॉनसुद्धा ३८४ वर जातो आणि वीव्हाइलला एका अंकाने मागे टाकतो. समोरच्या पोकेमॉनने अजून आयटम दाखवला नसेल आणि एरवी तो हळू असेल, तर आधी स्कार्फची शंका घ्या.

मूव्हमध्ये तीन जागा जवळजवळ ठरलेल्या आहेत: ट्रिपल अॅक्सल, नॉक ऑफ, आइस शार्ड. चौथी लो किक किंवा स्वोर्ड्स डान्स.

ट्रिपल अॅक्सल २०२० मध्ये आली आणि वीव्हाइलचं रूप बदललं. तीन फटके, पॉवर अनुक्रमे २०, ४० आणि ६०, बेरीज १२०. पण प्रत्येक फटक्याला ९० टक्के अचूकता वेगळी तपासली जाते आणि एक चुकला की पुढचे पडतच नाहीत. तिन्ही लागण्याची शक्यता ७२.९ टक्के. दोनच लागतात ८.१ टक्के वेळा, एकच लागतो ९ टक्के वेळा, आणि १० टक्के वेळा काहीच लागत नाही. सरासरी पॉवर काढली तर साधारण ९४ येते. तरीही ती आइसिकल क्रॅशपेक्षा सरस आहे, कारण तिथे ८५ पॉवर आणि ९० टक्के अचूकता असल्याने सरासरी ७६.५ वरच थांबते. त्याहून मोठा फायदा म्हणजे तीन वेगळे फटके. फोकस सॅश हा आयटम आणि स्टर्डी ही अॅबिलिटी (पोकेमॉनचा अंगभूत गुण) पूर्ण एचपीवर एका फटक्यात मरू देत नाहीत, पण इथे पहिल्या फटक्याला निष्प्रभ होतात, सब्स्टिट्यूट (मार झेलणारा बाहुला) फुटून पुढचा फटका आतल्या पोकेमॉनला लागतो, आणि ड्रॅगनाइटचा मल्टिस्केल (पूर्ण एचपीवर मार निम्मा करणारी अॅबिलिटी) फक्त पहिल्या, सगळ्यात हलक्या फटक्यालाच अडवतो.

पण हेच तीन फटके उलटतातही. प्रत्येक फटका अंगाला लागणारा, म्हणजे शत्रूला प्रत्यक्ष स्पर्श करणारा आहे, आणि स्पर्श करणाऱ्याला शिक्षा देणारे आयटम आणि अॅबिलिटी आहेत. रॉकी हेल्मेट दर फटक्याला एक षष्ठांश एचपी कापतं, म्हणजे तीन फटक्यांत अर्धा वीव्हाइल गेला. रफ स्किनचे तीन वेळचे एक अष्टमांश मिळून ३७.५ टक्के. झॅपडॉसवर स्टॅटिक असेल तर दर फटक्याला ३० टक्के शक्यता, आणि तिन्ही लागले तर पॅरालिसिस होण्याची शक्यता ६५.७ टक्के. पॅरालिसिसने स्पीड निम्मा, १९१ होतो, आणि मग वीव्हाइल जवळपास निरुपयोगी. व्होल्कॅरोनाच्या फ्लेम बॉडीचं गणित तेच, फक्त तिथे बर्न होऊन फिजिकल मार निम्मा होतो. म्हणून समोर ही अॅबिलिटी असेल तर ‘हा एका मूव्हमध्ये मरतो का’ इतकंच विचारू नका, ‘याला मारून माझा वीव्हाइल पुढे कामाचा उरतो का’ हेही विचारा. आइस शार्ड अंगाला लागत नाही. शत्रू आधीच घायाळ असेल तर तीच वापरावी.

नॉक ऑफची पॉवर ६५, आणि समोरच्याकडे काढता येईल असा आयटम असेल तर दीडपट, म्हणजे ९७.५. ही सुरुवातीच्या टर्नमध्ये दाबण्याची मूव्ह. कोण आत येणार याची खात्री नसेल तर नॉक ऑफ दाबा. जो येईल तो काहीतरी गमावून जाईल. हेवी-ड्यूटी बूट्स गमावलेला पोकेमॉन पुढे प्रत्येक वेळी स्टेल्थ रॉकचा (आत येणाऱ्याला लागणाऱ्या, मैदानात पेरलेल्या दगडांचा) मार खातो, लेफ्टओव्हर्स (दर टर्नला थोडा एचपी भरणारा आयटम) गमावलेल्या भिंतीला, म्हणजे मार झेलत टिकणाऱ्या पोकेमॉनला, हळूहळू भेगा पडतात. त्यामुळे नॉक ऑफची खरी कमाई बरेचदा दहा टर्ननंतर दिसते.

आइस शार्डची पॉवर फक्त ४०, पण प्रायॉरिटी +१, म्हणजे स्पीड कमी असला तरी साध्या मूव्हच्या आधी लागते. तिच्याकडून काय होतं आणि काय होत नाही हे आकड्यांत माहीत असावं. एचपी आणि डिफेन्समध्ये ईव्ही नसलेल्या गारचॉम्पला, चौपट मार असूनही, ती २६४ ते ३१२ लागते. त्याचा एचपी ३५७. म्हणजे पूर्ण एचपीचा गारचॉम्प मरत नाही. स्टेल्थ रॉकने त्याचे २२ जातात, तरीही मरत नाही. लाइफ ऑर्ब (मार वाढवणारा, पण दर हल्ल्याला आपलाच एचपी कापणारा आयटम) असेल तर मार ३४३ ते ४०६ होतो, आणि रॉकनंतर उरलेल्या ३३५ वर खात्रीने पुरतो. तशाच ड्रॅगापल्टला लाइफ ऑर्बशिवाय १५८ ते १८८ बसते, ३१७ पैकी. निम्मा. वेगाने मागे टाकणाऱ्या ड्रॅगापल्टवर वीव्हाइलचा हाच उपाय आहे, पण त्याला आधी कुणीतरी निम्म्यावर आणून ठेवायला हवं.

लो किकची पॉवर समोरच्याच्या वजनावर ठरते: २०० किलो आणि वर १२०, १०० च्या वर १००, ५० च्या वर ८०, २५ च्या वर ६०. ती किंगॅम्बिट, टायरॅनिटार आणि हीट्रॅनसाठी ठेवायची. १२० किलोच्या किंगॅम्बिटला पॉवर १०० आणि मार चौपट: ३५६ ते ४२०. ३४१ एचपीचा, म्हणजे एचपीत ईव्ही नसलेला, नक्की मरतो. पूर्ण ईव्ही घातलेला ४०४ चा किंगॅम्बिट मात्र चारांत एकदाच. त्यातून तो टेरा करून टाइप बदलू शकतो, आणि टेरा लढाईत एकदाच वापरता येते, म्हणून ती वापरली गेली आहे की नाही हे पाहिल्याशिवाय लो किकवर सगळा डाव लावू नका.

आता आयटम. इथेच ‘किती वेळा उतरता येईल’ हा प्रश्न थेट येतो. वीव्हाइलचा एचपी २८१. रॉकचा मार दुप्पट असल्याने स्टेल्थ रॉकवर उतरताना दर वेळी ७० जातात. लाइफ ऑर्बचे दर हल्ल्याला २८. एकदा उतरणं आणि एक हल्ला मिळून ९८. दोनदा केलं की ८५ उरतात, तिसऱ्यांदा उतरलात की १५, आणि तिसरा हल्ला लागला की ऑर्बच त्याला संपवतो. शत्रूने एकदाही हात न लावता. हेवी-ड्यूटी बूट्स असतील तर हाच खर्च शून्य होतो, स्पाइक्स आणि स्टिकी वेब हे मैदानातले इतर सापळेही लागत नाहीत. म्हणून बूट्स ही पहिली निवड. लाइफ ऑर्ब तेव्हाच घ्या जेव्हा टीममध्ये रॉक साफ करणारा विश्वासू पोकेमॉन आहे. चॉइस बँडने अटॅक ५०८ होतो आणि भिंती हादरतात, पण एका मूव्हमध्ये अडकल्यावर दर हल्ल्यानंतर बाहेर पडावं लागतं, म्हणजे उतरण्याची संख्या वाढते आणि रॉकचा खर्चही. बँडवाला वीव्हाइल अनुभवी हातातच शोभतो.

उतरवायचं कसं, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नवखे इथेच चुकतात. हल्ला अंगावर घेत थेट स्विच करणं हा शेवटचा पर्याय. आपला पोकेमॉन पडल्यावर येणारी मोफत जागा सगळ्यात सुरक्षित, पण ती मोजकीच मिळते. खरी सोय करतो तो हळू चालणारा साथीदार. स्लोकिंगसारखा पोकेमॉन शत्रूचा हल्ला स्वतः झेलतो आणि मग टेलिपोर्ट किंवा चिली रिसेप्शनने बाहेर पडतो. वीव्हाइल एकही ओरखडा न घेता आत येतो. कॉर्व्हिनाइटचा यू-टर्नही (हल्ला करून बाहेर पडण्याची मूव्ह) याच कामाचा, मात्र तो शत्रूपेक्षा हळू असायला हवा. साथीदार आधी यू-टर्न मारून गेला तर मागून येणारा हल्ला वीव्हाइलच्याच अंगावर पडतो.

तिसरा मार्ग म्हणजे दुहेरी स्विच: शत्रू बदलणार हे ओळखून त्याच टर्नला आपणही बदलायचं. समोरचा आपला पोकेमॉन शत्रूच्या पोकेमॉनला इतका त्रासदायक असेल की त्याला पळणंच भाग आहे, आणि पळून येणारा वीव्हाइलच्या तावडीतला आहे, तेव्हाच करा. फसलात तर शत्रू तिथेच राहून वीव्हाइलला मोफत हाणतो.

थेट उतरायचंच झालं तर सायकिक मूव्हवर, कारण तिचा परिणाम शून्य. घोस्ट आणि डार्कचा मार निम्मा. प्रँक्स्टरवाल्याने (थेट मार न देणाऱ्या मूव्हना प्रायॉरिटी देणारी अॅबिलिटी असलेल्याने) मारलेली, पॅरालिसिस करणारी थंडर वेव्ह डार्क टाइपला लागत नाही, तेव्हा तिथेही दार उघडं असतं. यू-टर्नवर मात्र कधीच नको. बग दुप्पट लागतो.

आत आल्यावर शत्रूचे दोनच मार्ग असतात, पळायचं किंवा पोकेमॉन गमवायचा. पळून कोण येईल ते टीम प्रिव्ह्यूपासून (सुरुवातीला दोन्ही टीम दिसतात तेव्हापासून) मनात धरून ठेवा. त्यांच्याकडे झॅमाझेंटा, ग्रेट टस्क, किंगॅम्बिट किंवा कॉर्व्हिनाइट असेल तर वीव्हाइलसमोर बहुतेक तोच उभा राहणार. पहिल्या दोन-तीन वेळा त्याच्यावर नॉक ऑफ बसवा, आयटम घालवा, आणि त्याला दमवायचं काम साथीदारांवर सोपवा. बॉडी प्रेस या फायटिंग मूव्हवाल्यासमोर एकही टर्न जास्त थांबू नका. बुलेट पंचचा सिझर आणि माक पंचचा ब्रेलूम ३८३ स्पीडला विचारत नाहीत, प्रायॉरिटीने आधी मारतात. त्यांच्यासाठी टीममध्ये एक फायरवाला आणि एक घोस्ट किंवा फेअरी ठेवलेला बरा.

स्वोर्ड्स डान्स शेवटच्या टप्प्यात, भिंती पडल्यावर. शत्रू बदलणार याची खात्री असेल तेव्हाच लावा. अटॅक दुप्पट झाला की आइस शार्ड स्वतःच साफसफाई करते, वेगवान शत्रूंचीही. पण सायकिक टेरेन पसरलेलं असेल तर जमिनीवरच्या शत्रूंना प्रायॉरिटी लागत नाही, ते संपेपर्यंत थांबा. टेरा आइस केल्यास आइस मूव्हला मिळणारा स्वतःच्या टाइपचा फायदा दीडपटीवरून दुपटीवर जातो आणि रॉक, स्टील, फायर, फायटिंगचा मार दुप्पट राहतो. चौपट फायटिंग निम्म्यावर आल्याने कधीकधी हेच एक टर्न वाचवून जातं.

आणखी एक सवय लावा. बॅटल संपल्यावर रिप्ले उघडा आणि वीव्हाइल किती वेळा आत आला ते मोजा. दर वेळेसमोर लिहा: काही मारलं, आयटम पाडला, शत्रूला बदलायला लावलं, की नुसताच मार खाऊन परतला. शेवटच्या रकान्यात दोनहून जास्त खुणा दिसल्या तर ईव्ही किंवा मूव्ह बदलत बसू नका. टीममध्ये टेलिपोर्ट, यू-टर्न किंवा व्होल्ट स्विचवाला एक हळू साथीदार घाला आणि पुढच्या दहा बॅटल्सना तोच तक्ता पुन्हा भरा.