गल्लीत डेंग्यू निघाला की आधी पिंप बघा

गल्लीत डेंग्यूचा पेशंट निघाला की पहिला फोन नगरसेवकाला, धुराची गाडी पाठवा म्हणून. आरोग्य सेवक म्हणून कोल्हापूरच्या पेठांत घरोघरी फिरलोय, तेव्हा स्पष्टच सांगतो. धुरानं मरतो तो उडणारा डास. पिंपातली अळी मजेत असते आणि आठवडाभरात तिचाच डास होतो.

म्हणून आधी बॅटरी घ्या. झाकण काढून उजेड पाण्यात तिरका सोडा आणि मिनिटभर गप्प उभे राहा. चाहूल लागली की अळ्या तळाला पळतात, पण श्वासासाठी त्यांना वर यावंच लागतं. शेपटी वर, डोकं खाली अशा लटकलेल्या दिसतील. सापडल्या की पाणी गटारात नको, मातीत ओता. पण तेवढ्यानं भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी पाण्याच्या वरच्या ओलसर कडेला चिकटवते. पिंप वाळलं तरी ती महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. तेव्हा काथ्या घेऊन कडा खसाखसा घासा, दर आठवड्याला. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर, मंडळाच्या मांडवाची ताडपत्री, तिथंही तेच. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा.

एका पेठेत वहिनींनी मला सुनावलं होतं, "मामा, पाणी दिवसाआड येतंय. पिंप भरू नको तर काय करू?" बरोबर होतं त्यांचं. विषाणू, माणूस आणि परिसर, आजाराचे हे तीन कोन आम्हाला शिकवलेले. डॉक्टर माणसाकडं बघतो, काथ्या परिसर सांभाळतो, पण नळाला पाणी कधी येणार हे दोघांच्याही हातात नाही. म्हणून पाण्यासाठी सह्यांचा अर्ज करणं हेही माझ्या लेखी रोगप्रतिबंधाचंच काम.

अर्जाबरोबर नकाशा जोडा. 1854 साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा तो दुर्गंधीनं होतो असं बहुतेक डॉक्टर मानायचे. जॉन स्नो यांनी कुठल्या घरात माणसं दगावली ते शोधलं, संशय एका पंपावर आला आणि त्याचा दांडा काढायला लावला. तुम्हीही वहीच्या पाठीमागं गल्ली काढा, कुणाला कधी ताप आला ते लिहा. एडिस फार लांब उडत नाही, त्यामुळं पेशंटच्या आजूबाजूची घरं आधी तपासा.

आता तापाचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. शहाणा माणूस 39 लाच सामान हलवतो. तापाचंही तसंच, ताप आला की पहिल्या पाच दिवसांतच डेंग्यूसाठीची एनएस-वन ही रक्ततपासणी करा. तापाला पॅरासिटामॉलच, ब्रुफेन आणि अॅस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, खरी गडबड बऱ्याचदा तेव्हाच सुरू होते. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं की 43 फूट झाले समजा आणि थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, किंवा जवळचा दवाखाना गाठा. पपईच्या पानांचा रस घेऊन येणारे पाव्हणे दारात उभे असतीलच. त्यांना चहा पाजा, पण आधी रिक्षा बोलवा.