शेजाऱ्यांना वाय-फाय द्या, पण गेस्ट नेटवर्कवरून

घरचं वाय-फाय शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खुलं ठेवावंसं वाटत असेल तर जरूर ठेवा. अडल्यावेळी कुणाला तरी त्याचा मोठा आधार होतो. मात्र मुख्य नेटवर्कचा पासवर्ड वाटू नका. राउटरच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट नेटवर्क', म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क, सुरू करा आणि त्यावरून घरातली उपकरणं दिसत नाहीत ना, हे तपासा. नाहीतर तुमचा प्रिंटर, कॅमेरा, शेअर केलेले फोल्डर परक्यांपुढे उघडे पडतात. जमलं तर गेस्टच्या वेगाला मर्यादा घाला. बिनपासवर्डच्या साध्या नेटवर्कवर वाय-फायचं एन्क्रिप्शन, म्हणजे इतरांना वाचता येऊ नये म्हणून माहिती सांकेतिक करून पाठवणं, नसतं. राउटरमध्ये 'एन्हान्स्ड ओपन' असेल तर तेच निवडा, पासवर्ड न विचारताही एन्क्रिप्शन मिळतं. आणि हो, इंटरनेट कंपनीच्या अटी आधी वाचा. काही कंपन्यांना असं वाटप चालत नाही, आणि कुणी गैरवापर केला तर चौकशी आधी तुमच्या दारात येऊ शकते.