अनोळखी पक्षी आवाजावरून ओळखताना

मे महिन्याच्या अखेरीस आभाळ भरून येऊ लागले की पावशा ओरडू लागतो. मराठी माणसाला त्याच्या ओरडण्यात 'पेरते व्हा' ऐकू येते, हिंदी भाषकाला 'पी कहाँ', तर इंग्रजांनी त्याच आवाजाला 'ब्रेन फीवर' ठरवून टाकले. म्हणून अनोळखी आवाज कानी पडताच त्याला शब्दांत बसवण्याची घाई करू नये. आधी त्याची चाल टिपावी.

त्यासाठी वहीत खुणा करणे मला सर्वांत सोयीचे वाटते: आवाज चढला तर वर जाणारी रेघ, उतरला तर खाली येणारी, तुटक असेल तर ठिपके, आणि पक्षी थांबतो तेथे मोकळी जागा. ही खूण किती कामाची आहे ते पावशा आणि कोकीळ यांच्या बाबतीत कळते. दोघांचाही आवाज दर खेपेस चढत जातो आणि दोघेही रात्री-अपरात्री ओरडतात, त्यामुळे 'चढता आवाज, पहाटे तीन' एवढ्या नोंदीने काहीच ठरत नाही. मात्र कोकीळ नराचे 'कुऊ' दोन स्वरांचे असते आणि त्यातला दुसरा लांबवलेला असतो, तर पावशाचे तीन स्वर असून मधल्यावर जोर असतो; तो टिपेला पोहोचून एकदम तुटतो आणि काही वेळाने पुन्हा खालच्या पट्टीपासून सुरुवात करतो.

काही आवाजांत चढउतार जवळजवळ नसतो. तेथे लय पाहावी. तांबट पक्षी तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकसुरी 'टुक्-टुक्' करत राहतो. ओरडताना तो मान वळवतो, त्यामुळे जागचा न हलताही आवाज कधी जवळून तर कधी लांबून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी दिशेवर विसंबून पुढे जाण्यापेक्षा कानांमागे तळहात धरून एकाच जागी उभे राहावे आणि नंतर दहा-वीस पावले बाजूला सरकून पुन्हा ऐकावे. दोन्ही दिशा जेथे मिळतात, तेथील शेंडे दुर्बिणीने न्याहाळावेत.

ऋतू, वेळ आणि अधिवास यांची नोंद हवीच. पावसाळ्यात, सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी, उजाडायच्या आधी कोणी रमतगमत शीळ घालत असेल, तर तो बहुधा शीळकरी कस्तूर असतो; मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा एखादा गुराखी समजून वाट पाहत बसलो होतो.

मोबाइलवर अर्धा-एक मिनिट ध्वनिमुद्रण करून शेवटी तारीख आणि ठिकाण स्वतःच्या आवाजात बोलून ठेवावे. मर्लिनसारखे अ‍ॅप त्यावरून नाव सुचवते, पण ती सूचनाच मानावी. एकाच झाडावरून मिनिटभरात शिक्रा आणि आणखी दोन-तीन पक्षी ऐकू आले, तर ती इतरांचे आवाज काढणाऱ्या भृंगराज पक्ष्याने केलेली नक्कल असण्याची शक्यता आधी तपासावी, कारण अशा वेळी अ‍ॅपही फसू शकते. पक्षी दिसत नाही म्हणून मुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावणे मात्र टाळावे, कारण विणीच्या हंगामात तो प्रतिस्पर्धी आल्याचे समजून घरटे सोडून धावून येतो.