मॅनिफोल्डला आटे पाडून एअर टेम्परेचर सेन्सर बसवताना

स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, स्वतः ट्यून करता येणारा इंजिनचा कॉम्प्युटर) टाकला की पहिला प्रश्न येतो तो हवेचं तापमान मोजायचं कुठून. मॅपवर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणारा ईसीयू हवा थेट मोजत नाही, तो प्रेशर आणि तापमानावरून हिशोब करतो, आणि २० डिग्रीची हवा ५० डिग्रीवर गेली तर त्याच प्रेशरला ती साधारण ९ टक्के विरळ होते. म्हणजे सेन्सर खोटं बोलला की पेट्रोलही तेवढंच चुकणार.

आधी जागा ठरवा, टॅप (आटे पाडायचं हत्यार) नंतर. मोकळी अ‍ॅल्युमिनियमची भिंत दिसली की लगेच ड्रिल घेऊन धावायचं नाही, कारण मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) इंजिनला चिकटून तापतो आणि त्याची उष्णता सेन्सरच्या बॉडीतून चढते, मग ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की रीडिंग नुसतं वर वर जात राहतं. थ्रॉटल बॉडीच्या आधीचा पाइप बरा, टर्बो असेल तर इंटरकूलरनंतरचा. आणि सेन्सर उघड्या टोकाचा घ्या, ज्यात जाळीत मणी दिसतो तो. पितळी बंद टोकाचा कूलंटसाठी असतो, हवेत तो फार आळशी चालतो.

आता भिंतीची जाडी. पातळ पाइपमध्ये पाडलेले आटे म्हणजे दीड-दोन धागे, ते काय धरणार? तिथे जाड बॉस (सेन्सर बसवायचा जाड गोल तुकडा) वेल्ड करून घ्या आणि आटे त्यात पाडा. बॉसला आटे आधीच पाडलेले असतील तर वेल्डिंगनंतर एकदा टॅप फिरवावा लागतो, उष्णतेने आटे थोडे आवळतात.

सेन्सरचे आटे नीट ओळखा. या कामात ३/८ एनपीटी (अमेरिकन निमुळते पाइप आटे) खूप दिसतो, काही सेन्सर एम१२ बाय १.५ चे (१२ मिमी व्यासाचे, दीड मिमीला एक आटा असलेले सरळ मेट्रिक) असतात. ३/८ एनपीटीला इंचाला १८ आटे, बीएसपीला (ब्रिटिश पाइप आटे) १९, त्यामुळे दिसायला सारखेच वाटतात आणि दोन फेरे बसतातही, मग अडकतात आणि तिथे माणूस जोर लावतो आणि संपलं. पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावून बघा. ३/८ एनपीटीला भोक साधारण १४.५ मिमी, एम१२ बाय १.५ ला १०.५.

मॅनिफोल्डलाच भोक पाडायचं असेल तर तो काढूनच काम करा. हो, माहितीये, गॅस्केट, नटबोल्ट, अर्धा दिवस जातो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून गाडीवरच काम करणारे आहेत, ग्रीस बराच कीस धरतं, पण बराच म्हणजे सगळा नाही आणि उरलेला व्हॉल्व्हकडे जातो.

सेंटर पंच मारा, ४ मिमीने पायलट भोक, मग ८, एनपीटी असेल तरच मग १२, मग शेवटचा साइज. एकदम मोठं ड्रिल लावलं तर पलीकडे निघताना अ‍ॅल्युमिनियम पकडतं आणि मशीन हात मुरगळतं. टॅप सरळ सुरू होणं महत्त्वाचं, पहिल्या दोन फेऱ्यांनंतर गुण्या दोन बाजूंनी लावून बघा, तेव्हाच सरळ करता येतं, नंतर नाही. कटिंग ऑइल नसेल तर अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल मस्त चालतं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस तुटला की बोटांना हलकासा कट् जाणवतो. कर्रर्र आवाज आला, हँडल स्प्रिंगसारखं परत यायला लागलं, की थांबा, टॅप पूर्ण बाहेर काढून साफ करा. तुटलेला टॅप काढणं हे वेगळंच दुखणं आहे.

आणि आता ती गोष्ट जिथे मी स्वतः शेण खाल्लं. एनपीटी टॅप निमुळता असतो, जितका आत घालाल तितकं भोक मोठं होत जातं. ३/८ ला एक फेरा म्हणजे १.४ मिमी आत, आणि व्यास जवळपास ०.०९ मिमीने वाढतो. मी साध्या मेट्रिक टॅपसारखा आरपार घातला, आटे दिसायला झकास, सेन्सर मात्र हाताने शेवटपर्यंत गेला आणि षटकोन बॉसला टेकला तरी ढिलाच. शेवटी बॉस कापून दुसरा वेल्ड करावा लागला. म्हणून टॅपचे थोडेच आटे आत गेले की काढा, भोक पुसा, सेन्सर लावून बघा, मग अर्धा फेरा अजून, परत बघा. हाताने तीन-चार फेरे बसला आणि पुढे पान्याने दीड-दोन फेऱ्यांत आवळला की झालं. एम१२ ला ही भानगड नाही, तिथे सील वॉशर करतं, फक्त बॉसचा चेहरा सपाट हवा.

आतल्या बाजूची बर (भोकाच्या कडेला उरलेली धातूची धार) कानशीने काढा, धुवा, हवा मारा, पांढरं फडकं आतून फिरवा. चमचमतंय तोवर धुवत राहा. एनपीटीला टेफ्लॉन टेप लावताना टोकाकडचा पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा आत लोंबतो. दोन वायरचा सेन्सर बॉडीतून अर्थ घेत नाही, त्यामुळे टेपने काही बिघडत नाही. लांब पान्यावर लोंबकळू नका, बॉस तडकतो.

बसवल्यावर त्या सेन्सरचाच टेबल (कोणत्या तापमानाला किती रेझिस्टन्स याचा तक्ता) ईसीयूत भरा, दुसऱ्याचा चालत नाही. रीडिंग उणे ४० दाखवत असेल तर बहुतेक वायर तुटलीये किंवा प्लग बसला नाहीये. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी स्टार्ट न करता फक्त इग्निशन ऑन करून बघा, हवा आणि कूलंट दोन्ही सेन्सर एक-दोन डिग्रीच्या फरकाने सारखे दिसायला हवेत. दहा-पंधराचा फरक असेल तर भोकाला दोष देऊ नका, टेबल परत तपासा.