उंच माणसाने एमटीबीची (माउंटन बाइकची) फ्रेम कशी निवडावी

माझी उंची सहा फूट तीन इंच. पहिली एमटीबी घेताना दुकानदार म्हणाला, "लार्ज घ्या, सीट वर करून देतो." दिली. सिंहगडाच्या चढावर पाठीचं धनुष्य झालं, वळताना गुडघे हँडलला लागायचे. म्हणून सांगतो, सीट वर केली म्हणून फ्रेम मोठी होत नाही.

आधी घरीच मापं घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाडसर पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं घट्ट वर दाबा आणि वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. माझं माप ९० सेंमी भरतं. त्याला ०.८८ ने गुणलं की बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचे दांडे जिथे फिरतात तो फ्रेमचा खालचा सांधा) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण कळते: ७९ सेंमी. सीट एवढी वर घेऊनही सीटपोस्टवरची (सीटखालच्या दांड्यावरची) 'किमान एवढा आत' ही खूण फ्रेमच्या नळीच्या आतच राहिली पाहिजे. खूण बाहेर दिसली तर ती सायकल सोडून द्या, फ्रेम तडकते.

आता रीच, म्हणजे बीबीपासून हेडट्यूबच्या (हँडलखालच्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. खरी मेख इथे आहे. एका कंपनीचं एक्सएल दुसरीच्या लार्जएवढं निघतं, त्यामुळे स्टिकर नको, जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा तक्ता बघा. मला ४९० मिमीच्या आसपास मोकळं वाटतं. तुमचे हात लांब असतील तर थोडं जास्त चालेल. रीच कमी पडतो म्हणून लांब स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावू नका, उतारावर हँडल जड होतं.

चाकं २९ इंचीच घ्या. आणि दुकानाच्या फरशीवर नाही, बाहेर खड्ड्यांतून, पेडलवर उभं राहून चालवून बघा.