वाकड्यातिकड्या स्पीकर बॉक्सचे लिटर कसे मोजाल?

गाडीच्या मागच्या कोपऱ्यात बसणारा फायबरग्लासचा स्पीकर बॉक्स कुठे फुगीर, कुठे चेपलेला असतो. लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार तिथे कामाचा नाही. त्यापेक्षा थर्माकोलचे बारीक मणी वापरा.

१. आतून 20 सेंमी लांब, 20 सेंमी रुंद आणि 25 सेंमी उंच असा पुठ्ठ्याचा खोका करा. तो बरोबर 10 लिटरचा होतो. आत दर 2.5 सेंमीवर रेघ मारा. एक रेघ म्हणजे 1 लिटर.

२. बॉक्सची वायरची भोकं टेपने बंद करा. स्पीकरच्या भोकातून मणी काठोकाठ भरा. दाबू नका, नुसतं हलवून सपाट करा.

३. मणी खोक्यात ओतून रेघा मोजा. (मणी हाताला, कपड्यांना, सगळीकडे चिकटतात. जमिनीवर जुनी चादर अंथरा, नाहीतर आठवडाभर झाडत बसाल.)

आलेल्या आकड्यातून स्पीकरचा मागचा भाग, म्हणजे चुंबक आणि सांगाडा, जेवढी जागा खातो तेवढी वजा करा. उरलेली जागा स्पीकरच्या कंपनीने बॉक्ससाठी सांगितलेल्या लिटरशी ताडून पाहा. जास्त भरली तर 10 सेंमी लांब, रुंद आणि उंच लाकडी ठोकळा आत घट्ट चिकटवा, 1 लिटर कमी होतो. कमी भरली तर मात्र बॉक्स वाढवणं कटकटीचं, म्हणून साचा करतानाच थोडा सैल ठेवा.

फायबरग्लासचं रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) पूर्ण सुकल्याशिवाय मणी ओतू नका. ओल्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये थर्माकोल विरघळतो.